राखणदारालाही वेसण हवी



डोक्यावरचे केस न्हावी रोज ढिगाने झाडून टाकतो, त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण तेच केस कंगव्याबरोबर मुठीने हातात आले की माणसाच्या पोटात गोळा उठतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्याने हे अनुभवले आहे. २०२४च्या डिसेंबरअखेर आणि २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत एकाएकी माणसांचे केस गळू लागले. आधी डोके खाजायचे, मग केस राठ व्हायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. बाया, पुरुष, लेकरे, कोणी सुटले नाही. लोकांनी त्याला 'टक्कल व्हायरस' असे नाव ठेवले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी साबणाला. दिल्ली-चेन्नईपर्यंतची तज्ज्ञ मंडळी येऊन रक्ताचे, पाण्याचे, मातीचे नमुने घेऊन गेली.

विंचूदंशावरील उपचारांसाठी जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांतल्या गव्हाची आणि रुग्णांच्या रक्ताची तपासणी करवली. त्यांना रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार मोठ्या प्रमाणात सापडले, रक्तातही ते वाढलेले दिसले. सेलेनियम अंगाला चिमूटभर लागते, पण जास्त झाले की केस आणि नखे गळतात. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातील काही जमिनींत ते मुळातच जास्त आहे. तिथला चारा खाणाऱ्या जनावरांचे केस गळाल्याचे, खूर बिघडल्याचे प्रकार पूर्वीच नोंदले गेले आहेत. म्हणजे शेगावकडचे ते दुखणे व्हायरसचे नव्हते, एकाचे दुसऱ्याला लागणारेही नव्हते. पुढे बऱ्याच जणांचे केस परत आले.

पण त्या दिवसांत एक गोष्ट घडली. केस गळतात म्हटल्यावर ज्यांच्या डोक्यात आधीपासून चाई होती, तेही घाबरले. चाई म्हणजे डोक्यात, दाढीत किंवा भुवईत रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडून तिथले केस जाणे. काही गावांत तिला उंदरी म्हणतात. चाईचे कारण वेगळे आहे. तिथे बाहेरचे विष नसते, जंतू नसतो. तिथे आपल्याच अंगातला राखणदार आपल्याच पिकात शिरलेला असतो. कातडीवरचे पांढरे डाग, म्हणजे कोड, हेही त्याच जातीचे दुखणे आहे. या दोन्ही दुखण्यांत शरीराला जितका त्रास होतो, त्याच्या दसपट त्रास लोकांच्या बोलण्याचा होतो. मुलीचे लग्न मोडते, सुनेला पंक्तीत वाढू देत नाहीत, शाळेत पोराला वेगळे बसवतात. म्हणून हा राखणदार कोण, तो बिथरतो कसा आणि त्याला आवरतो कोण, हे नीट समजून घेऊ या.

अंगातली राखण

जोंधळा हुरड्यात आला की आपण मळा घालतो आणि गोफण घेऊन माणूस वर बसवतो. आपल्या रक्तातही असेच राखणदार फिरत असतात. त्या पांढऱ्या पेशी. त्यांत नाना प्रकार आहेत. एका प्रकाराला टी-पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे, तिथे त्या तयार होऊन बाहेर पडतात म्हणून हे नाव. या टी-पेशींत एक तुकडी आहे ती मारक पेशींची.

या मारक पेशींचे काम मोठे अवघड आहे. व्हायरस आपल्या पेशीच्या आत शिरून बसतो. चोर घरात शिरून आतून कडी लावून घेतो, तसे. बाहेर फिरणाऱ्या शिपायाला तो दिसत नाही. पण आपली प्रत्येक पेशी आत काय चालले आहे त्याचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते, जसा आपण बाजारात पोत्यातला मूठभर माल वर काढून दाखवतो. मारक पेशी तो नमुना तपासते. नमुना आपलाच असेल तर पुढे जाते. परका असेल तर त्या पेशीला चिकटते, तिला बारीक भोके पाडते आणि त्यातून असे द्रव्य आत सोडते की ती पेशी आतल्या व्हायरससकट गुपचूप मरते. शेजारच्या पेशीला धक्का लागत नाही. रोगट झाड तेवढे उपटून बांधाबाहेर टाकावे, तसे हे काम. अंगात नव्याने उगवणाऱ्या कर्करोगाच्या पेशीही या मारक पेशी मारतात.

आता तुमच्या मनात प्रश्न येईल की इतकी धारदार हत्यारे घेऊन फिरणारी ही फौज आपल्यावरच उलटली तर? त्यासाठी पहिली चाळणी थायमसमध्येच लागते. ज्या पेशी आपल्याच अंगाला परके समजतात, त्या तिथेच मारल्या जातात. पण बियाणे कितीही चाळले तरी तणाचे चार दाणे निसटतातच. तशा काही चुकार पेशी सुटून रक्तात येतात. म्हणजे निरोगी माणसाच्या अंगातही स्वतःवर हल्ला करू शकणाऱ्या पेशी असतात. मग सगळ्यांनाच चाई, कोड का होत नाही? कारण दुसरी एक व्यवस्था आहे.

डवरणीचा बैल आणि मुस्के

कपाशीत डवरणी करताना बैल पिकाच्या दोन ओळींमधून चालतो. त्याच्या ताकदीवाचून काम होत नाही. पण हिरवे पीक त्याच्या तोंडाशी असते. म्हणून आपण तोंडाला मुस्के बांधतो, नाकात वेसण घालतो आणि कासरा हातात ठेवतो. बैल नको असे आपण म्हणत नाही, मोकाट बैल नको असे म्हणतो.

अंगातल्या मारक पेशींना असेच मुस्के आणि कासरा लावणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत. त्याही टी-पेशीच. पूर्वी त्यांना दाबून टाकणाऱ्या पेशी म्हणत, आता नियामक पेशी म्हणतात. आपण त्यांना आवरत्या पेशी म्हणू. त्यांची संख्या थोडी आहे. मदतनीस टी-पेशी म्हणून जी मोठी तुकडी आहे, तिच्यात शंभरात पाच ते दहा एवढ्याच. पण त्यांचे काम तीन तऱ्हांनी चालते.

पहिली तऱ्हा चाऱ्याची. मारक पेशींना संख्येने वाढायला एक विशिष्ट रसायन खुराक म्हणून लागते. आवरत्या पेशी ते रसायन स्वतःच भराभर शोषून घेतात. खुराक तुटला की मारक पेशींची वाढ मंदावते.

दुसरी तऱ्हा दवंडीची. शत्रू आला अशी दवंडी देणाऱ्या निराळ्या पेशी असतात. त्यांनी दोन खुणा दाखवल्याशिवाय मारक पेशी कामाला लागत नाही. आवरत्या पेशी त्यांतली एक खूण त्यांच्या अंगावरून ओढून काढतात. दवंडी अर्धीच राहते.

तिसरी तऱ्हा निरोपाची. काही रसायने सोडून त्या आसपासच्या पेशींना 'आता थांबा' असा निरोप देतात. ताप उतरल्यावर, जखम भरल्यावर अंगातली धुमश्चक्री आपोआप शांत होते, त्यात या निरोपाचा वाटा असतो.

टाकून दिलेली गोष्ट खरी निघाली

या आवरत्या पेशींचा शोध कसा लागला, ती हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंडो या शास्त्रज्ञांना उंदरांवर काम करताना दिसले की काही टी-पेशी लढाई वाढवत नाहीत, उलट दाबतात. पुढची दहा वर्षे या विषयाचा मोठा गाजावाजा झाला. पण १९८०च्या दशकात घोटाळा उघडा पडला. या पेशींची ओळख म्हणून जी खूण सांगितली जात होती, तिचा जनुक जिथे असायला हवा होता तिथे सापडलाच नाही. विषयाची पत गेली. बहुतेकांनी तो सोडून दिला.

जपानचे शिमोन साकागुची यांनी मात्र तो सोडला नाही. जन्मून तीन दिवस झालेल्या उंदराची थायमस ग्रंथी काढली, तर तो अशक्त होऊन बसायला हवा. पण झाले उलटेच, त्याची फौज त्याच्याच अवयवांवर तुटून पडली. याचा अर्थ, त्या ग्रंथीतून लढणाऱ्यांबरोबर आवरणारेही बाहेर येत असले पाहिजेत. १९९५ साली साकागुची यांनी त्या पेशी खात्रीच्या खुणेसह वेगळ्या काढून दाखवल्या.

दुसरे टोक अमेरिकेत होते. तिथल्या एका प्रयोगशाळेत १९४०च्या दशकापासून उंदरांची एक विचित्र जात सांभाळलेली होती. तिच्यातल्या काही नरांची कातडी खवल्यांची होई, गाठी सुजत आणि ते काही आठवड्यांत मरत. माद्या ठणठणीत असत, पण दोष पिल्लांना देत. जनावरांची पैदास करणाऱ्याला आईकडून नरात उतरणारे दोष काही नवे नाहीत. मेरी ब्रन्कॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली त्या दोषाचा जनुक हुडकून काढला. त्याचे नाव फॉक्सपी-३. हाच जनुक बिघडलेली माणसाची मुलेही सापडली. त्यांना जन्मानंतर थोड्याच दिवसांत मधुमेह, जुलाब आणि कातडीचा दाह होतो. पुढे दोन वर्षांत कळले की फॉक्सपी-३ चालल्याशिवाय आवरत्या पेशी तयारच होत नाहीत. या कामाबद्दल ब्रन्कॉ, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चाई आणि कोड यांत काय होते

केसाचे मूळ निरोगी असताना मारक पेशींच्या नजरेआड असते. ते आपला नमुना बाहेर फारसा मांडतच नाही. काही कारणाने हा आडोसा मोडतो, आवरत्या पेशींचा हात कमी पडतो आणि मारक पेशी केसाच्या मुळाभोवती मोहोळासारख्या जमतात. केस गळतो. पण लक्षात ठेवा, पराटीची पाने गळाली म्हणजे मुळी मेली असे नसते. चाईत केसाचे बीज शिल्लक असते. म्हणून लहान चट्ट्यांतले केस पुष्कळ वेळा वर्षभरात आपणहून परत येतात. आधी पांढरे, लुसलुशीत येतात आणि मग काळे होतात.

कोडात मारक पेशी कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारतात. त्यांचा राखीव साठा केसांच्या मुळांशी असतो. म्हणून ज्या डागावरचे केस अजून काळे आहेत, तिथे उपचाराने केसाच्या मुळाशी ठिपक्याठिपक्याने रंग परततो. ओठ आणि बोटांची टोके यांवर केस नसतात, तिथे रंग यायला वेळ लागतो किंवा येत नाही. डाग लहान असतानाच डॉक्टरकडे जायचे, ते यासाठी.

२०१४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखवले गेले की चाईत केस पाडतात त्या मारक पेशीच, आणि त्यांना मिळणारा आतला निरोप औषधाने अडवला की केस परत येतात. या कामात पुढाकार घेणाऱ्या अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःला चाई झालेली होती. त्यानंतर २०२२ साली अमेरिकेच्या औषध खात्याने फार पसरलेल्या चाईसाठी बॅरिसिटिनिब ही गोळी आणि कोडासाठी रुक्सोलिटिनिबचे मलम मान्य केले. मात्र फौजेला आवरणारे औषध म्हणजे राखण थोडी ढिली करणारे औषध. क्षयाची तपासणी केल्याशिवाय आणि डॉक्टरच्या देखरेखीवाचून अशा गोळ्या घ्यायच्या नसतात. बहुतेक रोग्यांना त्यांची गरजही पडत नाही. साधी मलमे, चाईच्या चट्ट्यात द्यायची इंजेक्शने आणि कोडासाठी विशिष्ट प्रकाशकिरणांचा उपचार, यांनी पुष्कळ काम होते.

कासरा चुकीच्या हातात गेला तर

वेसण असावी, पण तिचा कासरा चोराच्या हाती पडू नये. कर्करोगाची गाठ नेमके हेच करते. ती आवरत्या पेशींना आपल्याभोवती गोळा करते आणि मारक पेशींना जवळ येऊ देत नाही. शिवाय मारक पेशीच्या अंगावरही एक थांबवण्याची कळ असते, ती गाठ दाबून ठेवते.

ही कळ सोडवणारी औषधे आता निघाली आहेत, पण ती सामान्य माणसाला न परवडणारी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके-मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांच्या चाचणीत काहींना निवोलुमॅब हे औषध अगदी थोड्या मात्रेत, तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, देऊन पाहिले. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमची असते. २०२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या गोळ्यांच्या उपचारावर वर्षभर जगणारे शंभरात सुमारे १६ होते. त्याच गोळ्यांना या थोड्या मात्रेची जोड मिळालेल्यांत ते सुमारे ४३ झाले.

आणि गंमत पाहा, अशी औषधे घेतलेल्या काही रोग्यांच्या अंगावर कोड उठते, काहींची थायरॉईड ग्रंथी बिघडते. कळ सुटलेली फौज घरच्या पिकातही शिरते. यावरून कोड कशाने होते, याचा आणखी एक पुरावा मिळाला. तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा तीन आठवडे न भरणारी जखम दाखवायला मात्र महागड्या औषधाची वाट पाहू नका. तंबाखू आणि गुटखा सोडण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

'ताकद वाढवणारी' भुकटी

अलीकडे आठवडी बाजारात आणि मोबाईलवर 'प्रतिकारशक्ती दुप्पट करा' म्हणून भुकट्या, काढे विकले जातात. वरचे सगळे वाचल्यावर तुम्हीच विचार करा. चाई, कोड किंवा सांधेवाताच्या माणसाची अडचण प्रतिकारशक्ती कमी असल्याची नाही, ती बेतालपणे चालल्याची आहे. पिकाला युरिया जास्त झाला तर पीक लोळते, कीडही वाढते. आम्ही शेतात सांगतो तेच अंगालाही लागू आहे की सगळ्या गोष्टींचा मेळ हवा. डाळ-भाकरी, पालेभाजी, एखादे फळ, पुरेशी झोप आणि वेळच्या वेळी लसी, एवढे निरोगी माणसाच्या फौजेला पुरते.

घरात कोणाला चाई किंवा कोड दिसले तर

१. बिब्बा, गुंज किंवा लसूण चोळून कातडी भाजू नका. बिब्ब्याने पडलेल्या जखमेत केसाचे बीजच जळते, आणि मग परत येणारे केसही येत नाहीत. कोड असलेल्या माणसाला तर भाजलेल्या जागी नवा डाग पडू शकतो.

२. चट्टा नीट पाहा. गुळगुळीत, गोल असेल तर बहुधा चाई. कोंडा, खपल्या आणि तुटके केस असतील, विशेषतः लहान मुलांत, तर तो नायट्याचा प्रकार असू शकतो. तो लागट असतो आणि त्याचे औषध वेगळे आहे.

३. पांढरा डाग दुधासारखा असून तिथे स्पर्श नेहमीसारखा कळत असेल तर कोडाची शक्यता. डाग फिकट किंवा लालसर असून तिथे बधिरपणा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

४. एकाच वेळी घरातल्या किंवा गावातल्या अनेकांचे केस गळू लागले तर ती चाई नव्हे. शेगावचा अनुभव आठवा. प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा आणि घरातले धान्य-पाणी तपासणीसाठी जपून ठेवा.

५. तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन बुलढाणा किंवा खामगावचे सरकारी रुग्णालय, नाहीतर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. कातडीच्या डॉक्टरला दाखवा. या माणसांत थायरॉईडचा बिघाड जास्त आढळतो, म्हणून ती रक्ततपासणी करायची का, हेही विचारा.

६. कोड हाताला हात लागून, एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून लागत नाही. चाईही लागत नाही. आईला कोड असले तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण अशा बहुतेक मुलांना ते होत नाही.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी कोड असलेल्यांसाठी 'श्वेता' नावाची संस्था काढली. तिथे माणसे एकत्र येतात, मोकळे बोलतात, मुलामुलींची लग्ने जुळवतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीवर 'नितळ' हा चित्रपट २००६ साली काढला. मिळाला तर घरच्या सगळ्यांनी मिळून पाहावा.

तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे मुली पाहायला सुरुवात होते. पोहे घेऊन आलेल्या मुलीच्या हातावर पांढरा डाग दिसला, तर चटकन नजर वळवण्याआधी एवढे मनात आणा, की त्या डागात पाप नाही, शाप नाही, लागण नाही. तिच्या अंगातला एक इमानी बैल मुस्के सुटून थोडासा पिकात शिरला आहे, एवढेच. तसे बैल तुमच्या-माझ्याही अंगात आहेत. ते अजून कासऱ्यात आहेत, यात आपली काही कर्तबगारी नाही.